चौथ्या वर्षीचा खाडा

"बाई, माग काही आज बंद राहणार न्हाईत," मगदूम आण्णा म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता डोक्यावरची टोपी काढून उगाचच झटकायला लागले.

सकाळचे दहा वाजले होते. दुपारी चारला त्यांच्याच कारखान्यात आमचं नाटक होतं.

"आण्णा, आज सुट्टी आहे!"

"हुती. पण पार्टीचा फोन आलाय. परवा माल गाडीत चढाय पायजे. समद्यास्नी बलावून घेतलंय. तुमचं नाटक पुढच्या सुट्टीला करा की."

"पुण्यासांगलीहून माणसं निघालीसुद्धा असतील."

"मग त्यास्नी च्या पाजू," आण्णा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. तीन वर्षं स्वतःचा कारखाना त्यांनी आम्हाला विनातक्रार वापरू दिला होता. तेव्हा रागवावं तर कुणावर, हेही मला कळेना.

इचलकरंजीत आठवड्यातनं एक दिवस माग बंद असतात. एरवी गावभर खडखडाट. त्या दिवशी मात्र शेजारच्या गल्लीतला प्रेशर कुकर कितव्या शिट्टीवर आहे हेही कळतं. कामाला दांडी मारणं म्हणजे आमच्याकडं खाडा. मागांच्या खाड्याच्या दिवशी कारखान्यांत नाटकं करायची, गाणी म्हणायची, भिंतींवर चित्रं लावायची, म्हणून आमच्या उत्सवाचं नावच 'खाडा' ठेवलं होतं. तिकीट नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, नारळ नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच. पहिल्या वर्षी एक कारखाना आणि तीस माणसं. चौथ्या वर्षी सात कारखाने, अन् बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या गाड्या लावायला जागा पुरेना. वर्तमानपत्रांत आमच्यावर लेख आले. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, तर हेडमास्तरसुद्धा मला 'या, दिग्दर्शक' म्हणायला लागले होते.

दुखणं एकच होतं. ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, ते मागवाले येत नव्हते. पहिल्या वर्षी उत्सुकतेनं आले, खाली बसले, आणि पंधरा-वीस मिनिटांत एकेक करून उठून गेले. दुसऱ्या वर्षी निम्मे आले. तिसऱ्या वर्षी आमच्या नाटकाला बघे होते ते सगळे इस्त्रीच्या कपड्यातले. कारखाना विणकरांचा अन् विणकरच गायब. शेवटी आमची बैठक झाली आणि ठरलं, की या वर्षी हे लोक शेवटपर्यंत बसले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून खाडा कोल्हापुरात, एखाद्या चांगल्या सभागृहात. हे सुचवलं दिगंबर तारळेकरनं. दिगंबर बँकेत कारकून होता आणि आमचा मुख्य नट होता. तो रंगमंचावर कुजबुजायला लागला की अंगावर काटा यायचा. "आपण लोकांना आवडायला लागलोय, प्रमिला," तो म्हणाला होता. "फक्त या लोकांना नाही. किती दिवस दाराशी उभं राहायचं?" मी मान हलवली, पण मनातून ठरवलं होतं की या वेळी त्यांना बसवूनच दाखवेन. आणि आता मागच चालू राहणार म्हटल्यावर बसवायचं कुणाला आणि कुठं?

उठून जाणाऱ्यांत माझी आक्कासुद्धा होती. हे मी बैठकीत कुणाला सांगितलं नव्हतं.

आक्का माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आईवडील पाठोपाठ वारले तेव्हा ती सोळाची आणि मी चारची. ती मगदूमांकडं कांडीवर लागली. मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरायचं काम बाया करतात. त्या मशीनवर तिनं तीस वर्षं काढली. मला शाळेत घातलं, मग कोल्हापूरला चित्रकला शिकायला होस्टेलवर ठेवलं, लग्न करून दिलं. स्वतःच्या लग्नाचा विषय कुणी काढला तर ती तिथून उठून जायची. दर वर्षी आमच्या नाटकाला ती धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांत आधी यायची, पहिल्या रांगेत बसायची, आणि दहाव्या मिनिटाला उठून फाटकाशी जाऊन उभी राहायची. नाटक संपल्यावर मी बाहेर आले की म्हणायची, "चांगलं झालं." बस, एवढंच. तीन वर्षं ते 'चांगलं झालं' माझ्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. जिनं मला शिकवलं, तिला मी जे शिकले ते दहा मिनिटंही बघवत नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. चीडही यायची. विचारायचं मात्र धाडस झालं नाही.

तर साडेदहाला भोंगा झाला आणि माग सुरू झाले. चोवीस माग एका छपराखाली. मी, दिगंबर आणि नसीम मुल्लाणी असे तिघं अंगणात लिंबाखाली बसलो. नसीम बालवाडीत शिकवायची, आणि आमच्या नाटकातली बाई तीच होती.

"रद्द करू," दिगंबर माझ्या कानाशी ओरडला. "आणि पुढच्या वर्षी कोल्हापूर. झालं ते बरंच झालं."

तेवढ्यात आक्का कांड्यांची पाटी कमरेवर घेऊन बाहेर आली. आमच्याकडं एक नजर टाकून तिनं पाटी खाली ठेवली.

"तोंड पाडून का बसलाय?"

मी तिच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं.

"मग करा की नाटक," ती म्हणाली.

"या आवाजात?"

"आवाजाला काय झालंय? आमी दिसभर बोलत न्हाई व्हय हितं?"

दिगंबर हसला. ते तिनं बघितलं. काही न बोलता तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला आत नेलं; आम्ही मागोमाग. आत शिरलं की आवाज कानात नव्हे, पोटात जातो. आक्का या टोकाला उभी राहिली आणि तिनं हात वर केला. पार त्या टोकाला धुंडाप्पा नावाचा विणकर चार माग सांभाळत होता, त्यानं मान वर केली. मग दोघांचं सुरू झालं. ओठ मोठे मोठे हलताहेत, हात पोटाशी, हात कपाळाशी, बोट दाराकडं, भुवया वर. अर्धं मिनिटसुद्धा नाही. मग धुंडाप्पा खो खो हसला आणि आपल्या मागाकडं वळला.

आक्का आम्हाला बाहेर घेऊन आली. "त्येच्या सुनंला सातवा लागलाय. म्हायेरचं कुणी न्यायला आलं न्हाई म्हणून सून रुसलीय. आणि हे बँकंतलं पोरगं हितं काय कराय आलंय, आसं इचारत हुता."

दिगंबर वळून पुन्हा दारातून आत डोकावला.

"आक्का, आम्हाला शिकवशील?" मी विचारलं.

"जेवायच्या सुट्टीत यीन. आण्णास्नी सांगून ठेव."

आण्णांनी तिला जेवणाच्या सुट्टीला जोडून दोन तास दिले. त्यांना मनातून अपराध्यासारखं वाटत होतंच. आम्ही गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये तालीम सुरू केली. आमचं नाटक लहानसंच होतं. नवरा सुरतेला मागावर कामाला म्हणून जातो आणि बारा वर्षांनी परत येतो. बायको दारात उभी. त्याला आत घ्यायचं की नाही, एवढंच. चाळीस मिनिटं. मंद उजेड, हळू आवाज, लांब लांब शांतता. पुण्याच्या एका मासिकानं त्याला 'कुजबुजीचं सौंदर्य' म्हटलं होतं आणि ते कात्रण मी पर्समध्ये घेऊन फिरत होते.

आक्कानं नसीमला पहिल्याच वाक्याला अडवलं.

"खाली कशापायी बगतीस?"

"ती लाजलीय, आक्का," मी मध्ये पडले. "बारा वर्षांनी नवरा दारात आलाय. तिची मान वर होत नाही."

"लाजू दे की. वर बगून लाजू दे."

नसीमला हसू आवरेना. पण तिनं मान वर केली, दिगंबरच्या डोळ्यांत डोळे घातले आणि तेच वाक्य म्हटलं. चार महिने मी जी लाज तिच्याकडून घासून घासून काढून घेत होते, ती ही नव्हतीच.

आक्काचे नियम साधे होते. बोलताना तोंड समोर. एका वेळी एकच गोष्ट. पाठीमागं खिडकी येईल असं उभं राहायचं नाही, कारण मग तोंड काळं दिसतं. हातानं सांगायचं ते छातीच्या वर सांगायचं, खाली मागाआड दिसत नाही. आणि सांगून झालं की थांबायचं. समोरच्याला कळलंय का ते बघायचं, मग पुढं जायचं. "तुमी लोक थांबतच न्हाई," ती दिगंबरला म्हणाली. "आपलं आपलं बोलता आन् आपलं आपलं ऐकता." लांब लांब शांततांबद्दल ज्याची तारीफ व्हायची तो आमचा नट हे खाली मान घालून ऐकत होता.

मग आमच्या मुख्य वाक्यावर घोडं अडलं. नसीम विचारते, "इतकी वर्षं कुठं होतास?" आक्कानं हात झटकला.

"कुठं हुतास म्हंजे? सुरतंला हुता. गावाला ठावं हाय. ती आसं इचारायची न्हाई."

"मग काय विचारेल?"

आक्का गठ्ठ्याला टेकली. मग तिनं उजव्या हाताचं बोट आणि अंगठा जुळवून चिमूट केली, जणू त्यात सुताची तार आहे, आणि हळूच ती चिमूट सोडली. रिकाम्या बोटांकडं बघितलं. मग दिगंबरकडं. भुवया थोड्याशा वर.

"ह्ये काय?" नसीमनं विचारलं.

"मागावर हिचा अर्थ तार निसटली. पर आमी बाया इसरण्यालाबी हीच खूण करतो. इसरलास व्हय, आसं."

मी वहीतलं माझं वाक्य खोडलं.

नाटकाचा शेवट तिला दाखवायचा राहिलाच. दुपारी तीनला कांड्या संपल्या म्हणून आतून बोलावणं आलं आणि ती गेली.

चारला पाहुणे आले. पस्तीसेक माणसं. दारात पाय ठेवताच त्यांनी कानांवर हात दाबले. आण्णांनी कापसाचं एक मोठं बंडल फोडून दारात ठेवलं होतं. त्यातला कापूस कानात घालून ही सगळी साहित्यिक-कलावंत मंडळी भिंतीशी ओळीनं उभी राहिली. मला हसावं की रडावं कळेना. विणकर आपापल्या मागावर होते, कुणी आमच्याकडं बघतही नव्हतं. आक्का मधल्या वाटेच्या टोकाला, कांड्यांचं रिकामं खोकं पालथं घालून त्यावर बसली.

माझी नजर घड्याळावर होती, दहाव्या मिनिटावर.

दिगंबर वळकटी घेऊन मधल्या वाटेनं चालत आला. नसीम त्या टोकाला उभी. त्यांच्यामध्ये चोवीस माग. तो थांबला, हात छातीच्या वर नेला आणि विचारलं: आत येऊ? ओठ मोठे, तोंड समोर. पहिल्या रांगेतल्या एका विणकरानं मान वर केली. परत खाली घातली. परत वर केली. मग त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. नसीमनं उत्तर दिलं, वर बघून लाजत, आणि चार-पाच जण एकदम हसले. ते हसू ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्यानंतर सुरू झालं ते बघून मी थक्क झाले. विणकर आपसात खुणा करायला लागले. ह्याला आत घेऊ नको. अगं घे, दमलाय बिचारा. सुरतेत दुसरी केली असणार. मागांच्या गराड्यात हात वर होत होते, नसीमला सल्ले दिले जात होते, आणि ती पोरगी त्यांच्याकडं बघून, थांबून, मग पुढं जात होती. माझ्या नाटकात कुणी असं बोलेल अशी सोय मी ठेवलीच नव्हती.

दहा मिनिटं झाली. आक्का खोक्यावरच होती.

मग नसीमनं चिमूट केली आणि सोडली.

धुंडाप्पाच्या एका मागावरचं सूत तुटलं. तसं झालं की माग आपोआप थांबतो आणि विणकर लगेच झेप घेतो. थांबलेला माग कुणालाच परवडत नाही. धुंडाप्पा हलला नाही. तो नसीमच्या रिकाम्या बोटांकडं बघत होता. मग पलीकडचा एक थांबला, त्याच्याकडंही कुणी गेलं नाही. मी घाबरून आण्णांकडं बघितलं. आण्णा दारात उभे होते, टोपी हातात. त्यांनी हातानंच मला खूण केली: राहू दे.

चाळीस मिनिटं कधी संपली कळलं नाही. नसीमनं दिगंबरला पाण्याचा तांब्या दिला आणि नाटक संपलं. टाळ्या वाजल्या असतील तर त्या ऐकू आल्या नाहीत. विणकरांनी दोन्ही हात वर करून हलवले, तेवढं दिसलं. कुणीही उठून गेलं नव्हतं.

"कोल्हापूर?" बाहेर आल्यावर मी दिगंबरला विचारलं.

"कुठलं कोल्हापूर?" तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

त्या गोष्टीला आता वीस वर्षं होतील. आज खाडा एकतीस कारखान्यांत तीन दिवस चालतो. भिवंडीहून, मालेगावहून विणकर येऊन नाटकं करतात, आणि निम्मी नाटकं चालू मागांमध्येच होतात. आम्ही वेगळं काहीतरी केलं असं लोक म्हणतात, मीही ऐकून घेते. पण त्या संध्याकाळी घडलं ते मी कुठल्याच मुलाखतीत सांगितलेलं नाही.

सहाला पाळी सुटल्यावर आक्का आणि मी तिच्या घराकडं निघालो. रस्त्यावर गर्दी होती. आम्ही शेजारी शेजारी चालत होतो. एका वळणावर तिनं माझ्याकडं बघितलं, तेव्हा तीन वर्षं गिळलेला प्रश्न मी शेवटी विचारला.

"आज उठून गेली नाहीस?"

"आज दिसत हुतं की," ती म्हणाली.

"काय दिसत होतं?"

समोरून सायकलवरून पोरं येत होती, त्यांच्याकडं तिचं लक्ष होतं.

"आक्का, काय दिसत होतं?"

ती तशीच चालत राहिली. मी थोडं मोठ्यानं विचारलं. मग आणखी मोठ्यानं. एक बाई वळून बघायला लागली. आक्का वळली नाही. मी तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं.

"काय म्हनलीस?"

माझे पाय जागीच थांबले. मागांच्या खडखडाटानं कान मंदावलेल्या आमच्या गावात सगळेच मोठ्यानं बोलतात, सगळेच तोंडाकडं बघतात. त्यात हे कुणाला कळणार? मला तरी कळायला हवं होतं. स्वयंपाक करताना ती कधी उत्तर देत नसे, त्याला मी तिचा तुसडेपणा समजत आले होते. आणि अंधारात, कुजबुजत, मान खाली घालून केलेली नाटकं मी तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना दाखवत होते. वर त्यांना गोडी नाही म्हणून बैठकीत ठराव करत होते!

"कधीपासून ऐकू येत नाही तुला?" मी तिच्या समोर उभी राहून विचारलं.

ती कानकोंडी झाली. पदर सारखा केला. "डावा तू आठवीत हुतीस तवा गेला. उजवा मागनं, हळूहळू. तू कोल्हापूरला हुतीस."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर तू शिकत बसली आसतीस व्हय? मला कांडीवरनं उठवलं आसतंस, आन् सोता जाऊन बसली आसतीस." मग ती जरा हसली. "तुझा सोभाव ठावं न्हाई व्हय मला."

भर रस्त्यात मी रडले. मला त्याची लाज वाटत नाही. तिनं मला रडू दिलं, मग पाठीवर एक धपाटा घातला.

"पुरं आता. आन् तुझ्या नाटकाचा शेवट चुकलाय."

"काय?"

"बारा वर्सांनी आला आन् तिनं लगेच पाणी दिलं? आसं आसतंय व्हय कुठं?"

तीन वर्षं 'चांगलं झालं' ऐकलं होतं. आता ही बाई माझ्या नाटकात खोट काढत होती, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती चालायला लागली. मी धावत तिच्या पुढं गेले, तिच्याकडं तोंड केलं आणि उलट्या पावलांनी चालायला लागले. लोक बघत होते. शाळेतल्या बाई रस्त्यावर अशा चालताना त्यांनी आधी कधी पाहिल्या नसतील. मी ओठ मोठे करून, एकेक शब्द सोडत विचारलं,

"मग तिनं काय करायला हवं होतं? सांग. मी बघतेय."